निवडलेली खडी

प्रयोगशाळेचे कुलूप वैजयंतीबाईंनी नऊ वाजून दहा मिनिटांनी काढले. दोन्ही खिडक्या उघडल्या, टेबलावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि वजनकाट्याखालचे स्क्रू फिरवून पातळीचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आणला. आदल्या दिवशी चार तास एकशे दहा अंशांवर सुकवलेली खडी बंद ओव्हनमध्ये थंड झाली होती. ती त्यांनी ट्रेमध्ये ओतली, चष्मा नाकावर सरकवला आणि निवडायला बसल्या. लालसर खडे, छिद्रांचे खडे आणि अंगावर पांढरे ठिपके असलेले खडे बोटांनी वेगळे होऊन पायाशी ठेवलेल्या घमेल्यात पडू लागले. पांढऱ्या ठिपक्यांच्या खड्याला प्रयोगशाळेत सगळे डोळ्याचा दगड म्हणत. वीस मिनिटांत ट्रेमध्ये फक्त काळी, घट्ट खडी उरली.

ती त्यांनी साडेबारा मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून दहाच्या चाळणीवर अडवली आणि पोलादी मापात तीन थरांत भरली. प्रत्येक थराला गोल टोकाच्या सळईचे पंचवीस ठोसे दिले. वजन भरले तीनशे बेचाळीस ग्रॅम. मग ती खडी यंत्राच्या वाटीत ओतून त्यांनी पावणेचौदा किलोचा हातोडा अडतीस सेंटिमीटरवरून पंधरा वेळा सोडला. भरडलेला माल बारीक चाळणीतून गाळला तेव्हा खाली एकोणसाठ ग्रॅम चुरा उतरला. म्हणजे शंभराला सतरा पूर्णांक तीन. पुस्तकात याला आघातमूल्य म्हणतात, खात्यात नुसते इम्पॅक्ट. आकडा लहान तितका दगड चिवट. घाटरस्त्याच्या वरच्या थराला चोवीसच्या पुढे चालत नाही.

वैजयंतीबाईंनी सतरा पूर्णांक तीन नोंदवहीत लिहिले. शेजारच्या रकान्यात त्याच खडीचा 'कान'ने दिलेला आकडा छापून आलेला होता: सतरा पूर्णांक एक. त्यांनी सही केली आणि घमेल्यातले खडे मागच्या अंगणात नेऊन ओतले. तेवीस वर्षे त्या हेच करत आल्या होत्या. ट्रे निवडायला त्यांना एका जुन्या, प्रामाणिक परिचरांनी शिकवले होते. तांदूळ शिजवण्याआधी निवडतात, तशी खडी ठोकण्याआधी निवडायची. नमुना स्वच्छ असावा, एवढाच त्यामागचा विचार. या कामात त्यांनी कुणाचा चहाही कधी घेतला नव्हता.

'कान' हे त्या यंत्राचे लोकांनी ठेवलेले नाव. कंपनीने दिलेले लांबलचक नाव कुणाच्याच तोंडी बसले नाही. क्रशरच्या पट्ट्यावरून ओघळणारा प्रत्येक खडा एका तिरक्या पोलादी पत्र्यावर आपटत असे, आणि पत्र्याखाली बसवलेले चार संवेदक तो आवाज टिपत. घट्ट दगडाचा नाद उंच असतो आणि लांबतो. आत भेग, छिद्र किंवा मऊ खनिज असेल तर कंपने वाटेतच विरतात आणि आवाज बोदा येतो. छिन्नी हातात धरणाऱ्या माणसाला हे नेहमीच ठाऊक होते. यंत्र मात्र मिनिटाला नऊ हजार खडे ऐके आणि त्यावरून सगळ्या ढिगाचा इम्पॅक्ट सांगे. प्रयोगशाळेला एका नमुन्यासाठी दीड दिवस लागायचा आणि नमुना असायचा ओंजळभर. त्यामुळे २०३७ सालापासून रस्ते विकास मंडळाने एकसष्ट क्रशरवर 'कान' बसवले, त्याचाच आकडा अंतिम मानला आणि सात प्रयोगशाळा बंद केल्या. निमसरीची ही आठवी उरली होती, तीही महिन्याकाठी करायच्या पडताळणीपुरती.

आवाजावरून आकडा कसा काढायचा, याचे सूत्र यंत्राला कुणी दिलेले नव्हते. ते उदाहरणे ऐकून शिकले होते, आणि ती उदाहरणे ह्याच खोलीत तयार झाली होती. तीन वर्षे इथे आलेले प्रत्येक पोते आधी पत्र्यावर ओतून त्याचा आवाज मुद्रित केला गेला. नंतर वैजयंतीबाईंनी नेहमीप्रमाणे परीक्षा करून आकडा दिला. अशी चार हजार एकशे बारा पोती. आवाज आणि आकडे यांच्या जोड्या लावण्याचे काम कंपनीतल्या एका तरुण अभियंता मुलीने केले. ती मैथिली, वैजयंतीबाईंची एकुलती एक मुलगी. उद्घाटनाच्या भाषणात तिने सांगितले होते की ह्या यंत्राचे कान माझ्या आईचे आहेत. टाळ्या पडल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वैजयंतीबाईंना कुठे पाहावे ते कळले नव्हते.

साडेदहाच्या सुमारास दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, चुरगळलेल्या ओढणीतली, हातात खताची जड पिशवी. तिने न विचारता पिशवी टेबलावर ठेवली.

"रेहाना सुभान मुलाणी," ती म्हणाली. "चिरेखिंडीत जीप पडली ना, ती आमची."

अपघात तीन आठवड्यांपूर्वीचा होता. चिरेखिंडीच्या घाटात सातव्या वळणावर प्रवासी जीप दरीत गेली आणि दोघीजणी जागीच गेल्या. रस्ता जेमतेम दीड वर्षाचा. वर्तमानपत्रांनी चालकाचा ताबा सुटल्याचे लिहिले, पोलिसांनीही तेच लिहिले. चालक सुभान मुलाणी मांडीत सळई घालून घरी पडून होता, जामिनावर.

"ताबा सुटला म्हणे. ताबा म्हणजे काय पाखरू आहे सुटायला? चौदा वर्षं त्या घाटात गाडी चालवतोय तो. वळणावर वरचा थर निघून नुसती सुटी खडी पसरली होती, चाक त्यावरनं घसरलं. हे पाच जणांनी सांगितलं. पण साहेब म्हणतात, रस्त्याचा दगड यंत्रानं पास केलेला आहे, तेव्हा रस्त्याची चूक असूच शकत नाही." पुढचे वाक्य तिने फार सावकाश उच्चारले. "मेलेल्यांत एक माझी नणंद होती. शाहीन. म्हणजे माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या बहिणीला मारलं, असं सरकारी कागद म्हणतोय. एकोणीस तारखेला कोर्टात तेच वाचून दाखवणार."

वैजयंतीबाईंनी तिला खुर्ची दिली. नोंदवही उलटून दीड वर्षापूर्वीचे पान काढले आणि त्यावर बोट ठेवले. त्या जे बोलल्या त्यात त्यांना तेव्हा काही वावगे वाटले नाही.

"ताई, दगड तपासूनच टाकलेला आहे. सतरा पूर्णांक चार. म्हणजे एक नंबर दगड. यंत्रानं ऐकला आणि पडताळणी मी स्वतः केली."

"तुम्ही स्वतः?"

"हो. ही माझी सही."

रेहानाने पिशवीतून डांबराने माखलेला एक तुकडा काढला. त्याच्या फुटलेल्या बाजूवर अंगठ्याचे नख दाबले. पांढरट भुकटी टेबलावर सांडली.

"मग तुमचा एक नंबर दगड माझ्या नखानं कसा फुटतो?"

वैजयंतीबाईंनी नियम सांगितला. खाजगी नमुना उपअभियंत्यांच्या पत्राशिवाय घेता येत नाही, शिवाय डांबर लागलेल्या, चाकांखाली भरडलेल्या खडीवर ही परीक्षा ग्राह्य धरत नाहीत. रेहाना म्हणाली की ती उपअभियंत्यांकडूनच आली आहे आणि त्यांनी तिला प्रयोगशाळेत विचारायला सांगितले आहे. एवढे बोलून ती उठली. पिशवी राहू द्या, म्हणाली. घरात भेटायला माणसे येतात आणि तो रस्ता त्यांच्या पायांत येतो.

ती गेल्यावर वैजयंतीबाईंनी पिशवीतले तुकडे द्रावणात टाकून डांबर धुऊन काढले. परीक्षा करायची नव्हती, नुसते पाहायचे होते. खाली राहिलेल्या खड्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर पांढरे ठिपके होते. असे खडे त्या रोज वेगळे काढत. पण ते घमेल्यात पडत, रस्त्यावर नाही, असे काहीसे त्यांच्या मनात आले आणि त्या तिथेच थांबल्या. घमेल्यात त्यांच्या प्रयोगशाळेतले पडत होते. क्रशरवर कुणाच्या पायाशी घमेले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रजा टाकून चिरेखिंडीच्या पायथ्याच्या क्रशरवर गेल्या. घाटाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी खडीचे डोंगर रचून ठेवले होते, आणि पत्र्यावर खडखडणाऱ्या पट्ट्याशेजारी 'कान'चा पडदा हिरवा उजळलेला होता. इम्पॅक्ट सतरा पूर्णांक दोन. ढिगात मात्र पाच पावलांवरूनही पांढरे ठिपके दिसत होते.

सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर चढून बनला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून छिद्रे राहतात आणि पुढे त्यांत पांढरी, मऊ खनिजे साचतात. खाणीत आधी हाती लागतो तो हा वरचा दगड. क्रशरच्या व्यवस्थापकाने काही लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे हे त्याला माहीतच नव्हते. पूर्वी हा माल आम्ही भरावाला टाकायचो, तो म्हणाला. 'कान' बसल्यावर एकदा चुकून पट्ट्यावर गेला आणि पास झाला. मग थोडा थोडा वाढवत गेलो, आता दहात चार असतो. "यंत्रच पास करतंय म्हटल्यावर आपण कोण बाई शहाणे? एवढी अक्कल असती तर क्रशर चालवला असता का?"

वैजयंतीबाईंनी ढिगाच्या पाच ठिकाणांहून खडी घेतली. ताडपत्रीवर ती मिसळून तिचा शंकू रचला, शंकू दाबून चपटा केला, त्याचे चार भाग पाडले आणि समोरासमोरचे दोन टाकून दिले. उरलेल्या दोहोंचे पुन्हा तसेच. ह्या पद्धतीला चौथाई म्हणतात. नमुना असाच घ्यावा, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. पदविकेच्या परीक्षेत त्यांना तिची आकृती काढल्याबद्दल पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. नंतर ती त्यांनी एकदाही वापरली नव्हती.

प्रयोगशाळेत त्यांनी त्या खडीचे सहा समान भाग केले. तीन भागांतली खडी नेहमीप्रमाणे निवडली, तीन जसेच्या तसे ठेवले. सहाही सुकवले आणि शनिवारी दुपारपर्यंत ठोकून संपवले. निवडलेल्या तिन्हींचे आकडे सतराच्या आसपास आले. न निवडलेल्यांचे आले एकोणतीस पूर्णांक दोन, एकोणतीस पूर्णांक आठ आणि तीस पूर्णांक एक.

आता त्यांच्या डोळ्यांसमोर सगळे एका रेषेत उभे राहिले. पोते पत्र्यावर ओतले जात होते न निवडता. त्याच्या आवाजात बोदे खडे होते. मग त्या ते खडे काढून टाकत आणि उरलेल्याचा आकडा देत. चार हजार एकशे बारा वेळा यंत्राने बोदा आवाज ऐकला, आणि तितक्याच वेळा त्याला सांगण्यात आले की ह्या आवाजाने आकड्यात काही फरक पडत नाही. ते शहाणे यंत्र होते. ते शिकले. डोळ्याचा दगड ऐकू आला की तिकडे दुर्लक्ष करायचे, हे त्याला वैजयंती धोत्रे यांनी शिकवले होते. तेव्हा पोत्यात असा दगड दहात एखादा असे आणि फरक पडायचा तो एका-दोन आकड्यांचा. शिवाय तेव्हा अभियंते खाणीवर जात, ढिगात हात घालत, न आवडलेला ट्रक परत पाठवत. प्रयोगशाळेची चूक दुसऱ्या कुणाच्या नजरेत अडकत असे. यंत्र आले आणि त्या सगळ्या नजरा घरी पाठवण्यात आल्या. दर महिन्याच्या पडताळणीत यंत्राचा आणि त्यांचा आकडा तंतोतंत जुळत होता, यावर मंडळाने पत्रके काढली. तो जुळणारच होता. चूक आपल्याच बहिणीला खरे-खोटे विचारत होती आणि दोघी एकमेकींची साक्ष देत होत्या.

त्यांना पहिल्यांदा राग आला तो खाणवाल्याचा, मग कंपनीचा, मग पत्रके काढणाऱ्यांचा. प्रत्येक राग थोडा वेळ टिकला आणि पुन्हा त्या ट्रेपाशी येऊन थांबला. लाच खाल्ली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. निदान आपण काय करतो आहोत हे तरी ठाऊक असते. हातोड्याच्या यंत्राशेजारी उभ्या राहून त्यांनी कागदाच्या तावावर सहा आकडे पुन्हा लिहिले, इतके दाबून की ताव फाटला.

सोमवारी त्या उपअभियंता कुलथे साहेबांच्या खोलीत गेल्या. विश्वंभर कुलथे सज्जन म्हणून ओळखले जात. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि चहा मागवला. मग त्यांनी जे सांगितले ते समजूतदारपणाचे होते. चूक झाली आहे, ती दुरुस्त झालीच पाहिजे. कंपनीला कळवू. पुढच्या आवृत्तीत यंत्र नव्या नमुन्यांवर शिकेल, दुसऱ्या टप्प्याची खडी थांबवू, कारण म्हणून खाणीतला पाण्याचा प्रश्न दाखवू. झालेले रस्ते देखभालीतून हळूहळू नवे करू. जुने आकडे मात्र उकरायचे नाहीत.

"आणि सुभान मुलाणी?" वैजयंतीबाईंनी विचारले.

"त्याचा खटला न्यायालयात आहे. न्यायालयाच्या कामात आपण कसे पडणार?"

"आपण पडलोच आहोत, साहेब. सरकारी वकिलांच्या कागदांत सतरा पूर्णांक चार जोडलेला आहे. तो आकडा आपला."

कुलथे साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपला नाही, मॅडम. सही तुमची आहे. चिरेखिंडीच्या कागदावर, त्या चार हजार पोत्यांवर, आणि गेल्या आठवड्यातल्या पडताळणीवरसुद्धा. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकतो, की माझ्यापुढे जे आलं ते मी पुढे पाठवलं. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. निवृत्तीला सात वर्षं आहेत तुमच्या. मुलीचं नाव त्या यंत्राला जोडलेलं आहे. मी तुमचा हितचिंतक म्हणून बोलतोय."

"तुम्ही खरंच हितचिंतक आहात," वैजयंतीबाई म्हणाल्या, "म्हणून तर चीड येते." चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

मैथिली दर पंधरवड्याला पुण्याहून येत असे. ह्या वेळी आईने बोलावले म्हणून ती आठवड्याच्या मध्येच आली. संध्याकाळी ओट्याशी उभ्या राहून वैजयंतीबाई पोळ्या करत होत्या. पाठमोऱ्या राहून त्यांनी सगळे सांगितले, आकड्यांसकट. लेकीकडे तोंड करून सांगणे त्यांना जमले नसते.

मैथिलीने पर्समधून फोन काढला. त्यावर काही जुनी नोंद शोधली, आणि जेव्हा ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर वैजयंतीबाईंना सोपे गेले असते.

"मी तुला विचारलं होतं, आई. चौदा मार्च, पहिल्याच दिवशी. माझ्याकडे लिहिलेलं आहे. आवाज मुद्रित झाल्यावर आणि परीक्षेच्या आधी नमुन्यावर काही केलं जातं का? तू म्हणालीस, काही नाही, वाळवतो फक्त."

"मला ते काही करणं वाटतच नव्हतं गं. चाळणी झटकावी तसं ते होतं."

"तुझ्या नाही वाटण्यावर मी पाच वर्षं काढली." मैथिलीने फोन पालथा ठेवला. "मी त्या खोलीत बसून हे डोळ्यांनी पाहिलं असतं तर एका दिवसात कळलं असतं. पण मी पुण्यात बसून आकडे मागवत राहिले. का, तर तुझे आकडे. तुझ्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या कुणाची प्रयोगशाळा असती ना, तर मी दहा वेळा तपासलं असतं."

जेवताना ती हिशेबीपणे बोलू लागली. तिला तीन महिने हवे होते. नवे नमुने, न निवडलेले, आठशेसुद्धा पुरतील. यंत्र पुन्हा शिकवता येईल आणि एकसष्ट ठिकाणी एका रात्रीत बदलता येईल. कंपनीला आतून सांगता येईल. पण आत्ता बाहेर बोभाटा झाला तर मंडळ यंत्रच काढून टाकेल, मग पुन्हा ओंजळभर नमुने आणि पुन्हा निवडणारे हात. "यंत्र वाईट नाहीये, आई. ते ऐकतं, खरंच ऐकतं. त्याला आपण खोटं सांगितलं."

"ते खरं आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग तीन महिने दे मला."

"एकोणीस तारीख पुढच्या शुक्रवारी आहे."

"एका खटल्यासाठी?"

वैजयंतीबाईंचा हात ताटावर थांबला. गेले चार दिवस जो राग त्या स्वतःवर धरून होत्या, तो पहिल्यांदाच लेकीकडे वळला. "त्याची बहीण मेलीय त्या जीपमध्ये. तिचं दफन झालं तेव्हा ह्याच्या पायात सळई होती आणि दारात पोलीस होता. त्याच्या बायकोनं माझ्या टेबलावर तो दगड नखानं फोडून दाखवला, आणि मी तिला सही दाखवली. माझी सही! एक खटला म्हणतेस. तुझ्या आजोबांनी त्याच घाटात उन्हात बसून हातानं खडी फोडली. प्रत्येक दगडावर आधी हातोडी टेकवून ऐकायचे. बोदा वाजला तर बाजूला टाकायचे, रस्त्याच्या बाजूला. मीही बाजूलाच टाकला. फक्त रस्त्यातून नाही, कागदातून टाकला."

मैथिलीने अर्धी पोळी टाकून ताट उचलले. सकाळच्या पहिल्या गाडीने ती गेली. निघताना ती दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "मी तुला अडवणार नाही. पण मदतही करणार नाही, आई. मला ते जमणार नाही." वैजयंतीबाईंनी मान हलवली. मुलगी खोटे बोलली नाही, यातच त्यांना थोडे समाधान होते, आणि त्या समाधानाची त्यांना लाजही वाटली.

पुढचे तीन दिवस त्यांनी कामात घालवले. क्रशरवरून पुन्हा खडी आणली. ह्या वेळी चौथाई करताना दोन साक्षीदार उभे केले. एक गावचा पोलीस पाटील आणि दुसरी रेहाना मुलाणी. रेहाना ताडपत्रीच्या कडेला उकिडवी बसून सगळे पाहत होती. तिने शंकू का करायचा ते विचारले, समोरासमोरचे भागच का टाकायचे ते विचारले. वैजयंतीबाई सांगत गेल्या. पिशव्यांची तोंडे शिवून लाखेने बंद झाल्यावर रेहानाने विचारले:

"एवढं सोपं होतं हे?"

"हो."

"आणि तेवीस वर्षांत तुम्ही एकदाही केलं नाही."

"नाही."

रेहानाने ओढणीने हात पुसले. "मी तुमचे आभार मानीन असं समजू नका. वकील म्हणाले, बाईंशी नीट बोला, त्या आपल्या बाजूनं येताहेत. मी नीटच बोलतेय. पण शाहीनच्या आईला मी काय सांगू, की एका बाईनं तांदूळ समजून दगड निवडले?"

"असंच सांगा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तसंच झालंय."

निवेदन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. ते साडेचार पानांचे झाले. परीक्षा कशी असते, ती त्यांनी कशी केली, यंत्र कशावरून शिकले, चिरेखिंडीच्या पहिल्या टप्प्याचा सतरा पूर्णांक चार हा आकडा का ग्राह्य धरू नये, आणि ह्याच कारणाने एकसष्ट क्रशरवरचे कोणते आकडे पुन्हा तपासायला हवेत. विशेषणे कुठेही नव्हती. रागाने लिहिलेली दोन वाक्ये दुसऱ्या खर्ड्यात गळली, कारण ती इतरांबद्दल होती. मुलीचे नाव जिथे येणे आवश्यक होते तिथे एकदा आले: जोड्या लावणाऱ्या अभियंत्यांनी नमुन्यावरील प्रक्रियेबद्दल लेखी विचारणा केली होती व मी चुकीचे उत्तर दिले.

गुरुवारी अकरा वाजता त्या तालुक्याच्या न्यायालयात गेल्या. शपथपत्र झाले, शिक्का बसला. आवक खिडकीवरचा कारकून पोक्त होता. त्याने लाखेच्या पिशव्यांचे क्रमांक जुळवून घेतले, मग पाने चाळली आणि पहिल्या पानावर परत आला.

"बाई, ही तक्रार यंत्राविरुद्ध आहे ना?"

"यंत्राचं तिसऱ्या पानावर आहे."

"मग इथं वर, चूक कोणाकडून झाली, तिथं तुम्ही तुमचंच नाव घातलंय. वकिलांनी पाहिलंय का हे? अजून बदलता येईल, मी पान परत देतो."

मागे रांगेत चार माणसे उभी होती. कुणीतरी घसा खाकरला.

"नाव बरोबर आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "फक्त धोत्रेमधला 'त्रे' नीट उमटलेला नाही. पेन देता का?"

कारकुनाने पेन दिले. त्यांनी अक्षर गिरवले, शेजारी छोटी सही केली आणि पान खिडकीतून आत सरकवले. त्याने शिक्का मारला. पोच घेऊन त्यांनी तारीख वाचून पाहिली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून दिली.